समर्थ रामदासांची लेखनदृष्टी : जांबच्या कुलकर्णी घराण्यापासून दासबोधातील ‘लेखनक्रिया’ समासापर्यंत

प्रास्ताविक

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ मधील रामनवमीस सूर्याजीपंत व राणूबाई ठोसर यांच्या पोटी जन्मलेला नारायण पुढे रामदास झाला. त्यांच्या चरित्राचा व कार्याचा अभ्यास गेल्या शतकभरात विपुल झाला आहे. परंतु या अभ्यासाचा मोठा भाग दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला. एक म्हणजे शिवछत्रपती व रामदास यांची भेट केव्हा झाली, आणि दुसरा म्हणजे रामदासांचे राजकारण कोणत्या प्रकारचे होते. या वादाच्या धुराळ्यात रामदासांचा एक साधा पण खोल पैलू दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे त्यांचे अक्षरावरील, टाकावरील आणि हस्तलिखित पोथीवरील प्रेम.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. सुंदर अक्षर कसे काढावे, कागद कसा तयार करावा, बरू कोणते आणावे, शाई कशी जपावी आणि तयार झालेली पोथी कशात बांधून ठेवावी, हे सर्व त्यात आले आहे. अध्यात्मग्रंथात असा समास का यावा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शाळेच्या भिंतीवरील सुविचारांत त्यातील एखादी ओवी दिसते आणि समास तेवढ्यावरच संपतो. हा समास हस्ताक्षराचा उपदेश एवढाच नसून सतराव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराविषयीची एक निश्चित भूमिका आहे, आणि त्या भूमिकेला जशी उजळ बाजू आहे तशी मर्यादाही आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कुलकर्ण्याचे घर

ठोसर घराण्याकडे जांबचे कुलकर्ण होते. मध्ययुगीन ग्रामव्यवस्थेत कुलकर्णी हा गावचा लेखणीचा धनी असे. जमिनीची मोजदाद, साऱ्याचा आकार, वसूल आणि बाकी, हक्क आणि तंटे या सर्वांची नोंद त्याच्या दफ्तरात होई. अशा घरातील मुलाला लेखन हे छंद म्हणून नव्हे, तर वतनाचा भाग म्हणून शिकविले जाई. नारायणाचे वडील बालपणीच निवर्तले. थोरले बंधू गंगाधरपंत, जे संप्रदायात ‘श्रेष्ठ’ या नावाने ओळखले जातात, त्यांनी घरचे वतन सांभाळले. श्रेष्ठांनीही ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ हे ग्रंथ लिहिले. म्हणजे या घरात हिशेबाची लेखणी आणि ग्रंथाची लेखणी शेजारी शेजारी नांदत होती.

येथे लिपीचा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कुलकर्ण्याच्या दफ्तराची लिपी मोडी होती. मोडी ही वेगाची लिपी. हात न उचलता, आधी आखलेल्या शिरोरेषेखाली अक्षरे एकमेकांत गुंतवीत पळणारी. जो लिहितो त्याच्या सोयीची ती लिपी, वाचणाऱ्याच्या सोयीची नव्हे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही. हिशेबात त्याने फारसे बिघडत नाही, पण श्लोकात वृत्त मोडते आणि अर्थही बिघडतो. म्हणूनच पोथी देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत लिहिण्याचा प्रघात होता. ‘बाळबोध’ हे नावच सांगते की बालकालाही बोध व्हावा अशी ही लिपी आहे. रामदासांच्या समासाचा आरंभ याच बाळबोध अक्षरापासून होतो. ते अक्षर घडवून सुंदर करावे आणि जाणत्याने पाहताक्षणी समाधान पावावे, अशी त्यांची पहिली अपेक्षा आहे. मोडीच्या घरात वाढलेल्या माणसाने लेखनशिक्षणाचा विचार करताना मोडीचे नावही घेऊ नये, ही बाब सूचक आहे.

वयाच्या बाराव्या वर्षी विवाहसमारंभातून निघून जाऊन नारायणाने घर सोडले, असे परंपरा सांगते. वतन सुटले, दफ्तर सुटले. लेखणी मात्र सुटली नाही.

‘लेखक’ या शब्दाचा जुना अर्थ

आज लेखक म्हणजे ग्रंथाचा कर्ता. जुन्या मराठीत मात्र लेखक म्हणजे प्रत करणारा, ज्याला पुढे ‘लेखकू’ किंवा ‘नकलनवीस’ म्हटले गेले तो. ग्रंथ रचणारा हा कवी, वक्ता अथवा ग्रंथकर्ता असे. दासबोधात कवित्वाचा विचार चौदाव्या दशकात आला आहे. तेथे रामदास धीट, पाठ आणि प्रासादिक असे कवित्वाचे तीन प्रकार करतात. लेखनक्रियेचा विचार त्याहून वेगळा, एकोणिसाव्या ‘शिकवण’ दशकात आहे. या मांडणीवरून दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात स्पष्टपणे निराळ्या होत्या हे उघड होते.

रामदास स्वतः कवी होण्यापूर्वी या जुन्या अर्थाने लेखक होते. नाशिकजवळील टाकळी येथील बारा वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी वाल्मीकिरामायणाची प्रत स्वहस्ते लिहिली, असे परंपरा मानते. त्यांच्या हस्ताक्षरातील म्हणून जतन केलेली ही प्रत धुळे येथील समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. सुमारे चोवीस हजार श्लोकांचा ग्रंथ एकट्याने उतरवून काढणे हे तपाच्याच तोडीचे काम आहे. ग्रंथ विकत मिळत नव्हता त्या काळी ग्रंथाचा अभ्यास करण्याचा निश्चित मार्ग म्हणजे तो लिहून काढणे. अशा लेखनात डोळा, हात आणि मन एकाच अक्षरावर थांबतात. वाचनात जे निसटते ते लेखनात निसटत नाही. लेखनक्रियेच्या समासातील बारकावे पाहिले की ते ऐकीव माहितीवर आधारलेले नाहीत, ज्याची बोटे दुखली आहेत अशा माणसाचे आहेत, याची खात्री पटते.

समासाचे अंतरंग

या लहानशा समासाचा पूर्वार्ध अक्षराविषयी आहे आणि उत्तरार्ध साहित्याविषयी. पूर्वार्धातील सूचनांचा आशय असा : अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. शाई काळीभोर असावी. ओळी मोत्यांच्या सरांसारख्या चालाव्यात. काना, मात्रा, वेलांटी, रफार यांतील प्रत्येक चिन्ह आपापल्या जागी नेटके असावे. ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीच्या उकारांनी खालच्या ओळीच्या मात्रांना छेदू नये. पान आधी शिशाने आखून घ्यावे, म्हणजे ओळींतील अंतर कमी-जास्त होणार नाही.

यांपैकी एक अपेक्षा विशेष विचारात घेण्यासारखी आहे. पहिले अक्षर ज्या वळणाचे काढले त्याच वळणाचे अक्षर ग्रंथ संपेपर्यंत टिकावे, सर्व ग्रंथ एकाच टाकाने लिहिला आहे असे वाटावे, असे रामदास सांगतात. प्रत्यक्षात बरूचा टाक झिजतो, तो पुन्हा पुन्हा तोडावा लागतो, शाई दाट-पातळ होते, लिहिणाऱ्याचा हात थकतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या लेखनात यांपैकी कशाचाही माग पानावर राहू नये, असा हा आग्रह आहे.

पूर्व आशियातील सुलेखनपरंपरेशी याची तुलना उद्‌बोधक ठरते. चीनमध्ये तंतुवाद्य, गो हा पटावरील खेळ, सुलेखन आणि चित्रकला या चार कला सुसंस्कृत विद्वानाची लक्षणे मानल्या गेल्या, आणि जपाननेही तो आदर्श आपलासा केला. तेथे कुंचल्याचा फटकारा हा लिहिणाऱ्याच्या मनाचा आरसा समजला जातो. हात कोठे थांबला, कोठे धावला, शाई कोठे संपत आली, हे पाहणाऱ्याला दिसावे यातच त्या कलेचे मर्म आहे. रामदासांचा आदर्श याच्या नेमका उलट आहे. त्यांना लिहिणाऱ्याचा हात दिसायला नको आहे, अक्षर दिसायला हवे आहे. दोन्हीकडे सुलेखन ही साधनाच आहे. पण एका साधनेत व्यक्ती प्रकट होते आणि दुसरीत ती विरून जाते. दख्खनमध्ये रामदासांच्या बालपणी विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५८०–१६२७) फारसी सुलेखनाचा मोठा आश्रयदाता होता. खलीलुल्लाह या सुलेखनकाराला त्याने ‘लेखणीचा बादशहा’ असा किताब दिला होता. ती दरबारी कला होती, सुलेखनकाराच्या नावाने ओळखली जाणारी. रामदासांच्या समासात लेखकाला असा कोणताही किताब नाही. पोथी पाहून लोकांना हेवा वाटावा आणि ती लिहिणारा पुरुष कोण हे पाहावेसे वाटावे, एवढी कीर्ती मात्र ते मोकळेपणाने मान्य करतात. ही मानवी सवलत त्यांनी ठेवली हे बरे केले.

दुसरी महत्त्वाची सूचना शुद्धतेची आहे. शोधू गेले तरी चूक सापडू नये असे लिहावे, असे ते म्हणतात. हिचे वजन कळण्यासाठी तत्कालीन हस्तलिखितांच्या अखेरीस येणारी पुष्पिका आठवावी लागेल. समोरच्या प्रतीत जसे होते तसे मी उतरविले, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये, अशा आशयाची पळवाट लेखकांनी शतकानुशतके वापरली. या पळवाटेने मराठी ग्रंथांचे किती नुकसान झाले याचा दाखला जांबपासून फार दूर नसलेल्या पैठणातच आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद इतके माजले होते की संत एकनाथांना शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिचे शुद्धीकरण करावे लागले. रामदासांचा जन्म त्यानंतर चोवीस वर्षांनी झाला. एकनाथांनी रोगावर उपचार केला, तर रामदासांनी पथ्य सांगितले, असे म्हणता येईल.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांतही या विषयाचे धागे आहेत. वाचताना अक्षरे गाळणारा किंवा पदरची घालणारा, पुस्तकाची निगा न राखणारा, स्वतः कधी वाचत नाही आणि दुसऱ्यालाही वाचू न देता पुस्तक बांधून ठेवणारा, अशांना रामदास मूर्खांच्या मालिकेत बसवितात. जेथे पोथी ही घराण्याची मिरास समजली जाई आणि बासनाची गाठ पिढ्यान्‌पिढ्या सुटत नसे, त्या समाजात हे वाक्ताडन बोचरे होते. आजच्या काही ग्रंथसंग्रहांनाही ते लागू पडावे.

तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे अक्षर काढावे, हीही एक सूचना आहे. चष्मा सर्वसामान्यांच्या हाती नव्हता त्या काळात लिहिणाऱ्याने आपल्याच भावी डोळ्यांचा विचार करावा, यातील व्यवहारज्ञान दाद देण्याजोगे आहे. तसेच पानाच्या चारही बाजूंनी जागा सोडून मध्यभागी लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असे ते सांगतात. आज ग्रंथसंवर्धनशास्त्रातही कडांची झीज आधी होते हे गृहीत धरले जाते. समास सोडण्यामागे शोभेचे नव्हे, तर टिकाऊपणाचे कारण देणारा हा मराठीतील महत्त्वाचा उल्लेख आहे.

कागद, बरू आणि बासन

समासाच्या उत्तरार्धात पोथी घडविण्याच्या साहित्याची यादी येते. घट्ट कागद आणून त्याला खळ द्यावी आणि घोटून घ्यावे. हाताने बनविलेला कागद खरखरीत व शोषक असतो. त्यावर थेट लिहिले तर शाई पसरते. खळीचा थर देऊन गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटला म्हणजे त्यावर टाक सरळ चालतो. सुऱ्या, कातऱ्या, निरनिराळ्या प्रदेशांतील बरू, टाक तोडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा, रेखाटणीची साधने, तांबड्या रंगासाठी हिंगूळ, अळित्याचा रंग, भिजवून वाळवून साठविलेली शाई, हे सर्व संग्रही असावे. ग्रंथाची समाप्ती सजवावी, फळ्या घोटून त्यांवर चित्रे काढावीत आणि पोथ्या बासनांत, मेणकापडात बांधून कुलूपबंद पेटीत ठेवाव्यात.

कागद तर मराठवाड्याच्या परिचयाचाच होता. दौलताबादजवळील कागजीपुरा येथे हातकागदाचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून त्याचा आरंभ महंमद तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास राजधानी तेथे हलविल्याच्या काळाशी जोडला जातो. मराठी दफ्तरांत जुन्नरी व दौलताबादी कागदांची नावे येतात. ‘कागद’ आणि ‘कुलूप’ हे दोन्ही शब्द फारसी-अरबीतून मराठीत आलेले आहेत. रामकथेची पोथी ज्या वस्तूवर लिहिली जाई आणि ज्या वस्तूने जपली जाई, त्या दोहोंची नावे परभाषेतील आहेत. रामदासांना यात काही वावगे वाटलेले दिसत नाही.

मेणकापडाचा उल्लेख मात्र कोरड्या मराठवाड्यापेक्षा सह्याद्रीच्या पावसाचा वाटतो. इ. स. १६४४ नंतर रामदास कृष्णाखोऱ्यात स्थिरावले, शके १५७० मध्ये त्यांनी चाफळचे राममंदिर उभारले आणि महाडजवळील शिवथर घळीत दासबोधाची रचना झाली, असे संप्रदाय मानतो. चार महिने धो धो कोसळणाऱ्या त्या मुलखात कागद सांभाळणे हे रोजचे संकट असले पाहिजे. जांबचा मुलगा तेथे पोथी मेणकापडात गुंडाळायला शिकला.

मठ आणि प्रती

या साऱ्या आग्रहामागे संप्रदायाची गरज होती. वारकरी परंपरेचा प्रसार मुख्यतः कीर्तनातून आणि सामूहिक गायनातून झाला. तिचे स्मरण कंठात होते. रामदासांनी मठांचे जाळे विणले : चाफळ, सज्जनगड, मिरज, डोमगाव, शिरगाव, बीड, तिसगाव आणि दक्षिणेत तंजावरपर्यंत. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या महंतांची शिकवण एकच राहायची असेल तर त्यांच्यासमोरील ग्रंथ एकच असला पाहिजे. वीस दशके, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या यांचा दासबोध प्रत्येक मठात हाताने उतरवूनच पोहोचणार होता. तेथे लेखकाची एक चूक म्हणजे एका मठाचा पाठभेद. म्हणून महंत घडविण्याच्या शिक्षणात टाक तोडण्याचे शिक्षण येणे क्रमप्राप्त होते. लेखनक्रियेनंतरच्या समासाच्या आरंभी रामदास स्वतः हा क्रम सांगतात. आधी लेखनाचे भेद झाले, आता अर्थाचे भेद ऐकावेत. अक्षर स्थिर झाल्यावाचून अर्थाची चर्चा सुरू करता येत नाही, ही त्यांची धारणा यात स्पष्ट आहे.

रामदासांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी हे या लेखनशिक्षणाचे मूर्तिमंत उदाहरण होत. रामदासांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहावे, अशी दासबोधाच्या रचनेची सांप्रदायिक स्मृती आहे. परांडा तालुक्यातील डोमगाव येथील कल्याणांच्या मठात दासबोधाची जी प्रत राहिली ती कल्याणांनी लिहिलेली व समर्थांनी तपासलेली मानली जाते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी या डोमगाव प्रतीवरून दासबोधाचे संपादन केले. धुळे येथे इ. स. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे त्यांनी मठामठांतील बासने सोडविली, पोथ्या मिळविल्या आणि त्या एका ठिकाणी आणल्या. मूर्खलक्षणांतील बांधून ठेवलेल्या पुस्तकाला त्यांनी दिलेले हे उत्तरच होते.

महाराष्ट्रातील दुसरा एक ग्रंथनिष्ठ संप्रदाय म्हणजे महानुभाव. त्यांनीही ग्रंथाच्या शुद्धतेची काळजी वाहिली, परंतु वेगळ्या मार्गाने. सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत त्यांनी आपले ग्रंथ लिहिले. परिणामी संप्रदायाबाहेरच्या मराठी वाचकाला ते वाङ्मय विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ अज्ञात राहिले. सकळी लिपीचा उलगडा करण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा मोठा वाटा आहे. एका संप्रदायाने अक्षर झाकून ग्रंथ राखला, दुसऱ्याने अक्षर उघडे आणि देखणे करून राखला. दोन्ही मार्गांनी ग्रंथ टिकले हे खरे. मात्र वाचकांचे वर्तुळ किती मोठे राहिले, या कसोटीवर दोन्ही मार्ग सारखे नाहीत.

लेखक कोण?

आतापर्यंतच्या विवेचनाने रामदासांची लेखनदृष्टी सर्वांना खुली होती असा समज होऊ शकेल. तो दुरुस्त करणे आवश्यक आहे. समासाच्या पहिल्याच चरणात बाळबोध अक्षर घडविण्याचे कर्तव्य ब्राह्मणाला उद्देशून सांगितले आहे. भाष्यकारांनी या शब्दावरून कधी घाईने पुढे जाणे पसंत केले, कधी ‘ब्राह्मण म्हणजे ज्ञानी’ असा अर्थ काढून तो सौम्य केला. दोन्ही गोष्टी इतिहासलेखनाला मानवणाऱ्या नाहीत. कुलकर्णी, देशकुलकर्णी आणि जोशी यांच्या वर्गाशी रामदास येथे बोलत आहेत. लेखणी याच वर्गाच्या हाती आहे आणि तेथेच असावी, हे त्यांचे गृहीतक आहे.

हे गृहीतक त्यांच्याच काळातील वस्तुस्थितीला पुरते धरून नव्हते. तुकोबांचे अभंग उतरविणारे संताजी जगनाडे हे तेली समाजातील होते. त्यांच्या वह्या पुढे तळेगाव येथे मिळाल्या आणि वि. ल. भावे यांनी त्यांवरून गाथा प्रसिद्ध केली. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते आणि त्यांच्या मोडी अक्षराची कीर्ती ‘चिटणिशी वळण’ या नावाने टिकून आहे. म्हणजे इंद्रायणीकाठी तेल्याच्या घरी बाळबोध वही लिहिली जात होती आणि रायगडावर प्रभूंच्या हाती राज्याची लेखणी होती, त्याच काळात चाफळचा समास लेखन ब्राह्मणाचे म्हणून सांगत होता. त्यातल्या त्यात संप्रदायातील स्त्रियांच्या बाबतीत रामदासांचे आचरण त्यांच्या शब्दांपुढे गेलेले दिसते. बालविधवा वेणाबाईंना त्यांनी अनुग्रह दिला आणि मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपविला. वेणाबाईंचे ‘सीतास्वयंवर’ हे काव्य मराठी आख्यानकवितेत आपले स्थान राखून आहे. विधवेने पोथी वाचणेही जेथे अप्रशस्त मानले जाई, तेथे तिने काव्य रचावे आणि मठ चालवावा ही सामान्य गोष्ट नव्हती. तथापि अक्कास्वामी, वेणास्वामी यांची उदाहरणे पुढे करून वर्णविषयक मर्यादा झाकता येत नाही. एका दारातून प्रवेश दिल्याने दुसरे दार उघडे होते असे सिद्ध होत नाही.

अक्षराचा पुढील प्रवास

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला तेव्हा सुंदर अक्षर काढणाऱ्या लेखकाचे काम लगेच संपले नाही. गणपत कृष्णाजी यांनी इ. स. १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाछपाईत मजकूर आधी कुशल हाताने लिहावाच लागे, त्यामुळे बरूचे वळण छापील पानावर जसेच्या तसे उतरे. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने ओतीव टाइपांना जे रूप दिले त्यातही वाटोळेपणा, मोकळेपणा आणि काळेपणा हे हस्तलिखिताचेच गुण होते. छापील पोथ्या आडव्या सुट्या पानांच्याच राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक सिद्ध केला. आज कोट्यवधी पडद्यांवर तो दिसतो. कान्याची उंची, वेलांटीचा झोक, ओळींमधील अंतर आणि वरच्या उकाराने खालच्या मात्रेला न लागणे, हे टंकरचनेचे प्रश्न लेखनक्रियेच्या समासातील प्रश्नांपासून फार दूरचे नाहीत.

प्राथमिक शाळांतून कित्ता आणि बोरू गेले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत शालेय अभ्यासक्रमातून मोडीही गेली. ‘वळण’ हा शब्द मात्र राहिला. मराठीत अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावतात. या दुहेरी अर्थात एके काळी हस्ताक्षराकडून काय अपेक्षिले जाई याची खूण शिल्लक आहे.

मोडी जाण्याचा परिणाम जांबसारख्या गावांच्या इतिहासावरही झाला. कुलकर्ण्यांच्या ज्या दफ्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या वतने राखली, ती आज वाचण्यासाठी मोडीचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. राज्याच्या पुराभिलेख विभागाला त्यासाठी वर्ग चालवावे लागतात आणि वाचणाऱ्यांच्या संख्येपेक्षा न वाचलेल्या रुमालांची संख्या कितीतरी अधिक आहे. सूर्याजीपंतांच्या काळातील एखादा जमाबंदीचा कागद आज जांबच्या शाळेतील विद्यार्थ्यापुढे ठेवला तर त्याला त्यातील एक शब्दही लागणार नाही. धुळ्यातील रामायणाच्या प्रतीची अक्षरे मात्र तोच विद्यार्थी बोट ठेवून वाचू शकेल.